तिला बिचारी म्हणायचं नाही

ऑक्टोबर लागला की मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावच्या गल्लीत हॅलोविनचे सापळे येतात. प्लॅस्टिकचे, चांगले माणसाएवढे. एखादा पोर्चवरच्या खुर्चीत पायावर पाय टाकून बसलेला असतो, एखादा हिरवळीतून कमरेपर्यंत वर आलेला. समोरच्या घरी थर्माकोलची थडगी मांडतात आणि त्यांच्यावर विनोदी नावं लिहितात. मेपलची झाडं याच सुमाराला लालभडक होतात. सकाळी ऑफिसला निघताना गाडीच्या काचेवर दव असतं, दव पिऊन जड झालेली पानं चिकटलेली असतात आणि वायपर फिरवला की ती एका कोपऱ्यात गोळा होतात. हवा अशी करकरीत की दातांनी तोडावी. सगळ्या गावाला हा ऋतू आवडतो. मलाही आवडायचा.

तीन वर्षांपूर्वी याच ऋतूत त्या थर्माकोलच्या थडग्यांवर गाडी घालावी असं मला मनापासून वाटलं होतं. ज्या लोकांना मरणाची एवढी मजा वाटते, त्याच लोकांना माझी बहीण गेल्यावर माझ्याशी काय बोलावं ते कळत नव्हतं. ऑफिसच्या किचनमध्ये मी शिरले की माणसं आपापल्या मगात बघायची.

प्रज्ञा आमचं शेंडेफळ. आम्ही तिघी बहिणी नागपूरच्या, आणि तिघी अमेरिकेत तीन ठिकाणी. थोरली वंदनाताई नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला, औषधांच्या कंपनीत. मी मधली, इथे मिशिगनमध्ये, गाड्यांच्या ब्रेकचं टेस्टिंग करते. आणि प्रज्ञा शिकागोत, देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर, साड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. ती फिजिओथेरपिस्ट होती. तिच्या क्लिनिकमध्ये येणारे बहुतेक पेशंट मेक्सिकोकडचे, म्हणून ती स्पॅनिश शिकली आणि पुढे त्या भाषेच्या प्रेमातच पडली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायचं आम्ही केव्हाच सोडलं होतं, कारण ती विचारणाऱ्याला व्यायाम सांगायची.

सप्टेंबर संपता संपता एका पेशंटचा गुडघा वाकवत असताना ती खाली बसली ती उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव. मी गाडीने निघाले, ताई विमानाने आली. आम्ही पोचलो तेव्हा यंत्रांनी जे चालू ठेवलं होतं, त्याला प्रज्ञा म्हणणं अवघड होतं. चाळिशीसुद्धा आली नव्हती तिची.

आईला व्हिसा वेळेत मिळाला नाही. फ्यूनरल होममध्ये ताईने पांढरी साडी नेसून त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. क्लिनिकमधली माणसं कामाच्या कपड्यांतच आली होती, ती मागे हात जोडून उभी राहिली. मी फोन उंच धरला होता. त्यात नागपूरहून आई आमच्यासोबत म्हणत होती. पण आवाज पोचायला वेळ लागायचा, त्यामुळे आमचं ‘गच्छामि’ संपलं की आईचं यायचं. प्रत्येक ओळीला. आम्ही थांबायचो, आईची ओळ येऊ द्यायचो, मग पुढची घ्यायचो. त्या दिवसाचं मला एवढंच लख्ख आठवतं.

मग ती सबंध पानगळ आम्ही दोघी प्रज्ञाच्या घरात राहिलो. ताईने रजा टाकली, मी घरून काम मागून घेतलं, फक्त मधे चार दिवस नोव्हायला जाऊन ऑफिसात तोंड दाखवून आले. खरं तर घर आवरायला म्हणून थांबलो होतो. पण आवरायला हात लागेना. तिची योगा मॅट अंथरलेलीच होती, आम्ही तिला वळसा घालून जायचो. खालच्या दुकानातली जुनी हिंदी गाणी फरशीतून वर यायची. दुपारी मिठाईच्या दुकानातून तुपाचा वास यायचा, संध्याकाळी बिर्याणीचा. खिडकीखाली बस थांबायची आणि तिचे ब्रेक किंचाळायचे. धंद्याची सवय अशी की एवढ्या दुःखातही मला कळायचं, पॅड झिजलेत, बदलायला हवेत.

फोन यायचे. नागपूरहून, पुण्याहून, न्यू जर्सीहून. सगळे प्रेमाने करायचे, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द. बिचारी. बिचारीचा संसार झाला नाही. बिचारी एकटी होती. बिचारीने काही बघितलं नाही. मला सुरुवातीला तो शब्द टोचायचासुद्धा नाही. दुःखात माणूस पडेल ते कानात घेतो. टोचायचा तो ताईला.

शोभाकाकू डेव्हनच्याच पलीकडच्या गल्लीत राहतात. मूळच्या पुण्याच्या, शिकागोत हयात गेलेली. त्या आठवड्यांत त्यांनी आम्हाला रोज डबा आणला, तो नसता तर आम्ही दोघी ब्रेडवर जगलो असतो. एका दुपारी त्या डबा ओट्यावर ठेवून खुर्चीत टेकल्या, प्रज्ञाच्या फोटोकडे बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला.

“बिचारी गं. ना नवरा, ना लेकरू. रिकामीच गेली बघ.”

ताई डबा उघडत होती. तिने झाकण खाली ठेवलं.

“काकू, तुम्ही रोज करताय आमच्यासाठी, ते मी जन्मात विसरणार नाही. पण तिला बिचारी म्हणायचं नाही.”

“अगं, मी काही वाईट अर्थाने...”

“माहितीये. तरी नाही म्हणायचं. ती शिकली, कमावलं, एकटीने पेरू फिरून आली, शेकडो माणसांना पायांवर उभं केलं. लवकर गेली, त्याचा मला राग आहे. पण कीव नको.”

काकू पदर खोचत उठल्या. मग म्हणाल्या, “भाजीत मीठ कमी असेल, बघून घ्या,” आणि गेल्या. आम्हाला वाटलं, संपलं, आता डबा बंद. दुसऱ्या दिवशी डबा आला. त्यात शेवयांची खीर जास्तीची होती.

नागपुरात मोठ्या काकांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरवला आणि त्याचं निमंत्रण व्हॉट्सॲपवर आम्हाला आधी पाठवलं. त्यात लिहिलं होतं, ‘दुर्दैवी कु. प्रज्ञा’. ताईने तिथल्या तिथे फोन लावला.

“काका, दैव मानायचं नाही म्हणून आपण धम्म घेतला ना? मग तिचं दुर्दैव कुठून आणलंत?”

काका चिडले. शब्द मात्र काढला.

मला ताईचं तेव्हा थोडं भयच वाटायला लागलं होतं. ती रडत नव्हती. कुणाशी ना कुणाशी भांडत होती, आणि भांडण नसलं की प्रज्ञाच्या गॅसची शेगडी घासत होती. माझ्या ऑफिसने मला एका समुपदेशक बाईंशी बोलायला सांगितलं होतं. त्या व्हिडिओ कॉलवर फार मऊ आवाजात म्हणाल्या की तुला क्लोजर मिळायला हवं, म्हणजे मनातलं हे सगळं एकदाचं मिटायला हवं. ताई मागे भांडी विसळत होती. कॉल संपल्यावर म्हणाली, “क्लोजर रस्त्यांना असतं, ‘रोड क्लोज्ड’ची पाटी लावून. तुमच्या मिशिगनमध्ये तर उन्हाळाभर असतं. माणसाला कसलं क्लोजर?” मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि ताईने ओल्या हातांनीच माझं डोकं धरलं.

अशात तेरेसाचा फोन आला. तेरेसा म्हणजे प्रज्ञाच्या घराजवळच्या लायब्ररीतली बाई. तिच्याकडून कळलं की प्रज्ञा त्या लायब्ररीत स्पॅनिश सिनेमे दाखवायची. महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी. सिनेमा ती निवडायची, आधी उभं राहून चार वाक्यं बोलायची, नंतर गप्पा. तिचे पेशंट यायचे, त्यांच्या मुली-सुना यायच्या. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. ‘शनिवारी मी बिझी असते,’ एवढंच ती सांगायची, आणि आमची समजूत अशी की ही झोपा काढते.

ऑक्टोबरचा सिनेमा तिने उन्हाळ्यातच ठरवून ठेवला होता. तेरेसा अडखळत म्हणाली, “सिनेमा बहिणींचा आहे. तीन बहिणी, त्यांची चौथी मरते. आम्ही कॅन्सल करतो. सगळे समजून घेतील.”

फोन स्पीकरवर होता. मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं होतं.

“नो,” ताई म्हणाली. “डोंट कॅन्सल. वुई विल डू इट.”

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “ताई, आपल्याला स्पॅनिश येतं का?”

“खाली अक्षरं येतात ना इंग्रजीत?”

“आणि आपल्याला बघवेल तो?”

“न बघवून काय करणार आहोत? ही शेगडी किती घासू मी?”

बातमी नागपूरला पोचायला वेळ लागला नाही. काकांचा फोन आला, तो मला. ताईला करायची त्यांची हिंमत नव्हती. “राख थंड नाही झाली पोरीची आणि तुम्ही सिनेमे लावता? लोक थुंकतील आपल्यावर.” शोभाकाकूही चाचरत म्हणाल्या की अगं, आपल्या मंडळात चर्चा होईल, पुढच्या महिन्यात करा, निदान एवढा महिना जाऊ द्या. मला स्वतःलाच त्यांचं पटत होतं. लोकांच्या भीतीने नव्हे. अंधारात बसून पडद्यावर आमचंच दुःख दुसऱ्या बायकांच्या तोंडांवर बघायचं, हे मला नको होतं.

काकांनी शेवटी आईला गाठलं. आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ताईसुद्धा कधी नव्हे ती हबकली. आईने नको म्हटलं असतं तर तिनेही ऐकलं असतं.

आमच्या घरी ऑक्टोबर म्हणजे दीक्षाभूमीचा महिना. विजयादशमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी गावोगावची माणसं नागपूरला येतात, आणि आमच्या दोन खोल्यांत लहानपणापासून दरवर्षी ओळखीची, बिनओळखीची माणसं उतरायची. आई मोठ्या पातेल्यात खिचडी टाकायची, आम्ही तिघी पाणी वाटायचो. प्रज्ञाला पाण्याचा जड जग उचलायचा नाही, ती पेला घेऊन पळायची. त्या फोनमध्ये आईच्या मागे तशीच माणसं दिसत होती. भिंतीला टेकून बसलेल्या बायका, पांढऱ्या साड्या, कुणाचं तरी पेंगणारं लेकरू.

“आई, यंदाही माणसं उतरवलीस?” ताईने विचारलं.

“मग? वाशिमहून येतात, परभणीहून येतात. त्यांना सांगू का, यंदा माझी पोरगी गेली, तुम्ही उपाशी झोपा?” आईने पदराने चष्मा पुसला. “तुझे काका आले होते. म्हणतात, त्या सिनेमाचं रद्द करायला सांग. मी म्हटलं, काहून? तिनं ठरवलेला कार्यक्रम आहे. ती काय काम अर्धं टाकून पळून गेली का? मेली ती. तिच्या हातचं राहिलं ते तुम्ही दोघींनी करायचं.”

तेवढ्यात मागून कुणीतरी मीठ मागितलं आणि आई फोन तसाच ठेवून उठली. आम्ही दोघी बराच वेळ त्या घराच्या छताकडे बघत राहिलो.

तो शनिवार स्वच्छ उन्हाचा होता. रस्त्याच्या कडेला पानांचे ढीग, त्यातून शाळकरी पोरं मुद्दाम पाय ओढत जात होती. ताईने पांढरी साडी नेसली आणि वर प्रज्ञाचं निळं जाड जाकीट घातलं, कारण तिने स्वतःचं आणलं नव्हतं. लायब्ररीतल्या खोलीत आम्ही खुर्च्या मांडल्या. मग माणसं यायला लागली. काठी टेकत, वॉकर सरकवत, एकेक पाऊल मोजून. दाराशी गर्दी झाली ती माणसांपेक्षा वॉकरची. ही सगळी तिने चालती केलेली माणसं होती. प्रत्येक जण आत येताना आमच्याकडे बघायचा, तिचं नाक, तिची हनुवटी शोधायचा.

ताई उभी राहिली. इंग्रजीत बोलली, तेरेसाने स्पॅनिशमध्ये सांगितलं. “मी प्रज्ञाची थोरली बहीण. हा सिनेमा मी बघितलेला नाही. तो कसा आहे, मला माहीत नाही. तिने निवडला म्हणून आपण बघू.” एवढंच. आणि दिवे गेले.

डोंगरातलं एक गाव. गाव आणि शहर यांच्यामध्ये एकच जुनी बस, आणि ती चालवणारी बाई सिनेमाच्या सुरुवातीलाच जाते. मागे तीन बहिणी. एकीलाही गाडी येत नाही. गाव म्हणतं, बस विका, शहरातून एखादा बाप्या ड्रायव्हर आणा, तुम्ही काळे कपडे घाला आणि घरात बसा. त्या बसत नाहीत. शिकतात. गिअर ओरडतो, बस गोठ्यात घुसते, कोंबड्या उडतात, एक बहीण दुसरीला म्हणते, ‘तुझ्यापेक्षा मेलेली बरी चालवत होती.’ खोलीत हशा पिकला. वॉकर हलले. आणि मी हसत होते. मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता. शेजारी ताईचे खांदे हलत होते. मी घाबरून बघितलं, तर तीही हसत होती.

पण शेवट मला आवडला नाही, आजही आवडत नाही. त्या तिघी घाटमाथ्यावर बस थांबवून खाली उतरतात, समोरच्या बर्फाकडे बघतात, एकमेकींचे हात धरतात आणि त्यांच्या चेहऱ्यांवर शांतता पसरते. पडदा काळा. मला वाटलं, एवढं सोपं? आम्हाला कुणी घाटमाथा दाखवला नव्हता. सिनेमावाल्यांना दीड तासात माणूस शांत करून घरी पाठवायचा असतो. मला शांत व्हायचं नव्हतं. माझी बहीण गेली होती आणि ते चूक होतं. कुठल्याही बर्फाने ते बरोबर होणार नव्हतं.

दिवे लागले. मग पुढच्या रांगेतून एक म्हातारी उठली, दोन्या लुपे. दोन्या म्हणजे आपल्याकडचं बाई किंवा काकू. ती बोलायला लागली आणि तेरेसा आम्हाला सांगत गेली. दोन्या लुपेचे दोन्ही गुडघे बदललेले. ती पहिल्या दिवशी प्रज्ञाला म्हणाली होती, मुली, मला नाही जमणार, मरू दे मला. त्यावर प्रज्ञाने तिला एक अशी सणसणीत शिवी दिली म्हणे, की तशी शिवी दोन्या लुपेने बापाच्या मरणानंतर ऐकलीच नव्हती. आणि रोज ओरडायची, पुन्हा! पुन्हा! साऱ्या क्लिनिकला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. आणखी एक बाई उठली, म्हणाली, नाचायचीसुद्धा. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, माझ्या बायकोचं वर्षश्राद्ध होतं तेव्हा माझ्याबरोबर चर्चमध्ये येऊन बसली, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, आता चालत घरी जायचं, गाडी नाही.

आमची प्रज्ञा हळू बोलायची. घरात सगळ्यात गरीब तीच, ताटातलं न आवडलेलंही गिळून टाकणारी. मराठीतली प्रज्ञा तशीच होती. ही शिव्या देणारी, नाचणारी, हुकूम सोडणारी बाई स्पॅनिशमध्ये राहत होती, आणि तिला आम्ही भेटलोच नव्हतो.

बाहेर फुटपाथवर आल्यावर ताईचा तोल गेला. “यांना सगळं माहीत होतं! सगळ्यांना! आपल्याला का नाही? आपण कोण होतो तिच्या?” डेव्हनवरची गर्दी आजूबाजूने वाहत होती, पिशव्या घेतलेल्या बायका आम्हाला वळसा घालून जात होत्या. मी म्हटलं, “ताई, लोक बघतायत.” “बघू देत!” आणि मिठाईच्या दुकानाच्या काचेला पाठ लावून, प्रज्ञाच्या निळ्या जाकिटात, ताई धाय मोकलून रडली. मी तिला आत चल म्हटलं नाही. गप्प हो म्हटलं नाही. मीही तिथेच उभी राहिले आणि जेवढं यायचं तेवढं येऊ दिलं. आमच्या घरातल्या बायकांनी भररस्त्यात रडायची ती पहिलीच वेळ असावी. आभाळ कोसळलं नाही. दुकानदाराने आतून पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला क्लिनिकने बोलावलं. मेक्सिकोच्या लोकांत तेव्हा वारलेल्या माणसांची आठवण करायचा सण असतो. एका टेबलावर झेंडूची फुलं, मेणबत्त्या, कागदाच्या झिरमिळ्या आणि मधोमध प्रज्ञाचा फोटो. त्या दिवशी गेलेलं माणूस घरी येऊन जेवून जातं म्हणे. मी ताईकडे बघितलं. आत्मा आम्ही मानत नाही, आईने ते पाण्याबरोबर पाजलंय. ताईने झेंडूचं एक फूल सरळ केलं आणि म्हणाली, “आपण नाही मानत. या मानतात. आणि ती यांचीही होती.”

तिच्या आवडीचं काहीतरी टेबलावर ठेवा, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यावरून आम्ही आदल्या दिवशी कडाक्याचं भांडलो होतो. ताई म्हणे पुरणपोळी, मी म्हणे झणझणीत सावजी रस्सा. शेवटी दोन्ही केलं, दोन्ही बिघडलं. तिथे पोचलो तर टेबलावर मिरची-लिंबाच्या लालभडक चिप्सची भलीमोठी पिशवी ठेवलेली होती. तिच्या कप्प्यात कायम असायची, असं सगळे म्हणाले. आम्ही दोघींनी त्यातली एकेक चिप खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिखटाने आलं असं म्हणायची सोय झाली.

पहिला बर्फ पडला तेव्हा आम्ही घर आवरलं. पुस्तकं लायब्ररीला दिली, योगा मॅट दोन्या लुपेने मागून घेतली. निळं जाकीट ताईच्याच अंगावर मॉरिसव्हिलला गेलं, जिथे त्याची अजिबात गरज नाही.

त्यानंतर दर ऑक्टोबरला आम्ही दोघी शिकागोला जातो आणि लायब्ररीत एक सिनेमा दाखवतो. मी पाच तास गाडी हाकते. वाटेत मक्याची कापलेली शेतं, मिशिगन सरोवरावरचा वारा, गाडी एका बाजूला ढकलणारा. तुम्ही अजून जाता का, असं लोक विचारतात, म्हणजे अजून सावरला नाहीत का, असं विचारतात. आम्ही सावरलेल्या आहोत. मी नोकरी करते, हळदीकुंकवापासून हॅलोविनपर्यंत सगळीकडे हजर असते, पोटभर हसते. पण विसरायला नकार देणं म्हणजे आजारी असणं, हे मला मान्य नाही.

यंदा तेरेसाचा फोन सप्टेंबरातच आला. शहरात इमिग्रेशनवाल्यांची धरपकड चालू आहे, म्हणाली. काळ्या काचांच्या गाड्या फिरतात. ज्यांचे कागद पूर्ण आहेत तेही स्पॅनिश बोलताना दिसले तर अडवले जातात, म्हणून लोक बाहेरच पडत नाहीत. किराणा आणायला पोरांना पाठवतात. क्लिनिकमध्ये अपॉइंटमेंट चुकतायत, शस्त्रक्रिया झालेले गुडघे घरात बसून आखडतायत. सिनेमाला कोण येणार? कॅन्सल करू या का?

आम्ही दोघींनी त्यावर खूप विचार केला. या वेळी प्रश्न चार लोक काय म्हणतील हा नव्हता. येणाऱ्या माणसाला धोका होता, आणि आमची हौस म्हणून कुणी धोक्यात यावं, हे बरं नव्हतं. ताई म्हणाली, “आपण विचारू त्यांना. ज्याला यायचंय त्याला दारातून दारात आणू आणि सोडू. ज्याला नाही यायचं, त्याच्यावर रागवायचं नाही.” तेरेसाने फोन केले. बरेच जण नाही म्हणाले. काही हो म्हणाले. दोन्या लुपे तर म्हणाली, मी माझ्या पायांनी चालत येते, हे पाय मला कशासाठी दिलेत? शोभाकाकूंनी स्वतःहून निरोप धाडला, “माझी व्हॅन आहे. सात माणसं बसतात. आणि मला कुणी अडवलं तर मी त्याला मराठीतून बोलेन, दमून जाईल तो.”

म्हणून परवाच्या शनिवारी दुपारी मी गाडी घेऊन एका विटांच्या बिल्डिंगसमोर थांबले होते. ताई शेजारच्या सीटवर, नेहमीप्रमाणे पार्किंग कसं करायचं ते मला शिकवत. दारातून एक बाई बाहेर आली, रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं आणि भरभर येऊन मागे बसली. मार्ता तिचं नाव. क्लिनिकमध्ये नवीनच यायला लागलेली, खांद्याचं काहीतरी. प्रज्ञाला तिने कधी पाहिलेलं नव्हतं. पहिली काही मिनिटं ती मान खाली घालून बसली. शेजारून मोठी गाडी गेली की पर्स घट्ट धरायची. मीही आरशातून सारखी मागे बघत होते.

ताई गेली तीन वर्षं आठवड्यातून एकदा ऑनलाइन स्पॅनिश शिकते. येतं तसं बोलते, चुकते, तरी बोलत राहते. तिने मागे वळून मार्ताला पाण्याची बाटली दिली, खांदा कसा आहे विचारलं, पाऊस येईल का विचारलं. हळूहळू मार्ताची पकड सैल झाली. मग तिने विचारलं, “तुम्ही बहिणी का?”

“हो,” ताई म्हणाली.

“दोघीच?”

“तिघी.”

माझा पाय ब्रेकवर होता, सिग्नल लाल होता. मार्ता हसून म्हणाली, “मग तिसरी कुठे असते?”

ताईचं स्पॅनिश अजून वर्तमानकाळातच आहे. भूतकाळाच्या धड्यापर्यंत ती पोचली नाही, की पोचून तिने तो उघडलाच नाही, हे मी कधी विचारलेलं नाही. ती थोडा वेळ समोरच्या काचेतून बघत राहिली, शब्द जुळवत.

“इथेच,” ती म्हणाली. “क्लिनिकमध्ये काम करते. खूप ओरडते.”

मार्ता मोठ्याने हसली. सिग्नल सुटला आणि मी गाडी पुढे घेतली.